परतूरचा किस्सा

घनसावंगी
६ फेब्रुवारी २००१

चि. सौ. शिवकन्या हिला आईचा आशीर्वाद. रागावलेल्या माणसाला आशीर्वाद पोचतो की नाही मला माहीत नाही, तरी लिहिलाय.

परवा बदनापूरला तुझं डोहाळजेवण झालं, तिथून मी एकटीच परत आले. जीपवाल्याला मी दोन जागा सांगून ठेवल्या होत्या, तुझ्यासाठी खिडकीची. ती अंबडपर्यंत रिकामीच होती. मग तिथे एक म्हातारा बकरीचं करडू मांडीवर घेऊन बसला आणि करडू माझा पदर चघळत आलं. घरी पोचले तर तुझे अण्णा ओट्यावर उभे. त्यांनी माझ्या मागे बघितलं, कुणी नाही. म्हणाले, “आणायला गेल्ती लेक, अन् आली टाळ्या घिऊन.” बावीस वर्षांच्या संसारात एवढं लांब वाक्य तो माणूस दुसऱ्यांदा बोलला असेल.

माझं चुकलं. आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं तू वाचशील. पण शिवे, मी आपणहून उठले नव्हते. तुझ्या सासूबाईंनीच, केशरबाईंनी, हात धरून उठवलं. “विहीणबाई, सगळ्या गल्लीला सांगून ठिवलंय मी. ते परतूरचं सांगा की.” तीस बायका ताटं बाजूला सारून माझ्याकडे बघायला लागल्या. तीस बायका समोर बसल्या की माझी जीभ माझी राहत नाही, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे.

तू मात्र माझा कार्यक्रम कधी पुढे बसून ऐकला नाहीस. नऊ वर्षं झाली. संक्रांतीच्या महिन्यात हळदीकुंकवाला, कधी बचत गटाच्या बैठकीला बायका मला बोलावतात. संध्याकाळी सहाला, भाकरी थापून झाल्या की येतात, पोरं काखेत घेऊन. पुरुषांना मज्जाव. मी अंगणवाडीतली बाई, दिवसभर लोकांच्या पोरांची वजनं लिहिते, आणि संध्याकाळी त्यांच्याच आयांना त्यांच्याच पोरांवर हसवते. “झोपलेलं लेकरू किती गोड दिसतं न्हाई? दिसंल न्हाई तं काय, तेवढाच वेळ ते गप ऱ्हातं.” “देवानं बाईला दोन हात दिले अन् पोरं दिली तीन. मंग तिसऱ्याला म्हणला, तू जा पाठीवर.” एवढ्यावर त्या डोळ्यांना पदर लावेपर्यंत हसतात. रडणाऱ्या लेकराला बाहेर न्यायचं नाही हा माझा नियम आहे, इथंच रडू द्या म्हणते. या बायकांना दिवसभरात दुसरं कोण हसवतं सांग.

आणि सगळ्यात शेवटी परतूर. तू सहा महिन्यांची, मी तुला घेऊन माहेरी सेलूला निघालेली. “बायांनो, माझ्यापाशी गठुडी पाच. एक पापडाचं, एक कुरडयाचं, एक लुगड्यांचं, एक भावाच्या लेकरांचं खाऊचं, अन् पाचवं टोपी घातलेली आमची शिवकन्या. गाडीत चढले अन् मोजली. एक, दोन, तीन, चार, पाच. बराबर. गाडी सुटली. सातोना आलं तरी एक बी गठुडं रडंना, तवा मला शंका आली. सोडून बघते तं पाचव्यात दुसऱ्याच बाईचे तांदूळ. अन् तिकडं फलाटावर ती बाई कपाळाला हात लावून बसलेली, म्हणती, मी आणले व्हते तांदूळ, ह्याला पाय कसे फुटले?”

यात तुझा काय अपमान आहे? फजिती झाली ती माझी. तरी केशरबाई जे म्हणाल्या ते त्यांनी म्हणायला नको होतं. “आता हिच्या पोटातलं गठुडं आपुन मोजूनच घिऊ.” तू फुलांच्या झोपाळ्यावरून उठलीस, हिरव्या साडीत, सातवा महिना, आणि आत गेलीस. मी मागे आले तर तू म्हणालीस, “एकदा इसरलीस, त्याचं मला काही न्हाई. पण दर संक्रांतीला तू मला परत त्या फलाटावर ठिवून येतीस, अन् बायका टाळ्या वाजवितात.”

मी चपला घातल्या.

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं. ही रीत मी काढलेली नाही, ती माझ्यावर राग आहे म्हणून मोडू नकोस. तुझे अण्णा तुला आणायला येतील. मी घरात तोंड उघडणार नाही, म्हणशील तर.

तुझी आई

घनसावंगी
१० मार्च २००१

शिवकन्या,

तीन पत्रं टाकली आणि वसंतरावांचं एक कार्ड आलं. “ती ठीक आहे, इथेच राहते म्हणते.” जावई गुणाचा आहे, पण पोस्टकार्डावर एवढी जागा कोरी सोडून कोणी देतं का?

मागच्या खोलीला मी चुना लावून घेतला. डिंक, खारीक, अळीव आणून ठेवलं. बाज उन्हात टाकून ढेकूण काढले. रोज कोणीतरी विचारतं, “लेक कधी आणताय?” मी म्हणते, येईल पुढच्या आठवड्यात. महिनाभर तोच पुढचा आठवडा चालू आहे.

परवा महिला दिनाला वडीगोद्रीत कार्यक्रम होता. जाणार नव्हते. तिथली अंगणवाडीची सोनूबाई दोनदा निरोप घेऊन आली म्हणून गेले. शाळेच्या मैदानावर दीडशे तरी बायका असतील, गणेश मंडळाचा माईक. परतूर सांगायचं नाही असं ठरवून गेले होते. बरं झालं होतं सगळं. मग मागून एकजण ओरडली, “गठुडं!” आणि दुसरी, आणि तिसरी. मी सांगितलं. तुझ्यापासून लपवून काय करू, तुला कोणी ना कोणी सांगेलच. खूप हसल्या. मला त्या वेळी फार बरं वाटलं आणि नंतर सतरंजी झटकताना फार वाईट वाटलं.

सगळ्या गेल्यावर एक पोरगी थांबली. तुझ्याच वयाची, काखेत चार महिन्यांचं लेकरू. मला वाटलं टोपी कुठून आणली विचारेल, माझ्या गोष्टीत टोपी असते. ती म्हणाली, “बाई, ते गठुडं चुकून ऱ्हायलं का ठिवलं?”

मी म्हणाले, “येडी हायेस का?” आणि तिच्या लेकराचा गालगुच्चा घेतला. ती पण हसली आणि निघून गेली. तिचं नाव विचारायचं राहिलं. घरी येऊन मला जेवण गेलं नाही, उन्हाचं पित्त झालं असेल.

दिवस भरत आले तुझे. माझ्यावरचा राग तू बाळंतपणानंतर धर, मी कुठे जात नाही. आत्ता ये.

आई

घनसावंगी
१८ एप्रिल २००१

शिवकन्या, बाळा,

काल भिवाच्या एसटीडीवर वसंतरावांचा फोन आला. मुलगी झाली, जालन्याच्या दवाखान्यात, नऊ दिवस झाले. नऊ दिवस मी आजी होते आणि मला कोणी सांगितलं नव्हतं. मी त्या नऊ दिवसांत काय काय केलं ते आठवत बसले. एक दिवस तर मी चिंचा फोडत होते.

भिवाला पेढे द्यायला हवे होते, मी नुसतीच घरी आले. अण्णांना सांगितलं. ते गोठ्यात गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

फोनवर वसंतराव चाचरत होते. बारशाला केशरबाई मला बोलवा म्हणतात, पण तू म्हणालीस, आई येणार असेल तर मी पाळण्यापाशी बसणार नाही. तर मी येत नाही. बारशाला आई पाळण्यापाशी नाही असं व्हायला नको. कुंची, दुपटी आणि अंगडी जीपवाल्याच्या हाती दिलीत. कुंची मी शिवली आहे, टाके वाकडे आहेत. नजर आता पूर्वीसारखी राहिली नाही.

मी नंतर विचारलं, शिवकन्या कशी आहे? ते म्हणाले, “गप गप असते.” बाळंतीण थकलेली असते, असं मी त्यांना सांगितलं. अंगणवाडीत आम्ही असंच सांगतो.

शिवे, तू रडतेस का? एवढं मला कळव. बाकी काही नको. एक ओळ नको, नुसता हो किंवा नाही लिही. मी इथे रोज पोस्टमनच्या वाटेवर उभी राहते, आता तर तो लांबूनच हात हलवून नाही म्हणतो.

आई

घनसावंगी
२७ मे २००१

शिवकन्या,

वसंतराव बाहेर ओट्यावर बसलेत. चहा झाला. साडेतीनच्या जीपने परत निघायचं म्हणतात. तेवढ्यात मला हे लिहायचं आहे, म्हणून अक्षराकडे बघू नकोस.

त्यांनी मला सगळं सांगितलं. त्यांच्यावर चिडू नकोस, तो माणूस उन्हातान्हाचा एवढ्या लांब येऊन माझ्यासमोर रडला. तू पोरीला घेत नाहीस. भिंतीकडे तोंड करून पडून असतेस. पाजायला तिला तुझ्यापाशी आणून ठेवावं लागतं आणि पाजून झालं की तू हात काढून घेतेस. केशरबाईंनी दृष्ट काढली, अंगारा लावला, मग बोलायला लागल्या, कसली आई आहे म्हणून. आणि परवा तू वसंतरावांना म्हणालीस, “हिला कुठंतरी ठिवून या.”

ते मला म्हणाले, “मामी, तुमी चला, तिला हसवा.”

शिवे, मी तुला हसवायला लिहीत नाही. ऐक. परतूरला गठुडी नव्हती. माझ्याजवळ एक पिशवी होती आणि तू होतीस. मी तुला विसरले नव्हते. मी तुला ठेवलं होतं.

लिहिलं. आता पुढचं लिहिता येईल.

तू झाल्यापासून मला काही वाटत नव्हतं. म्हणजे तू रडलीस तरी काही नाही, हसलीस तरी काही नाही. लोकांच्या लेकराला सांभाळायला ठेवल्यासारखी मी तुझं सगळं करत होते. अण्णा तेव्हा कारखान्यावर, महिना महिना घरी नाहीत. सासूबाई म्हणायच्या, दूध कमी पडतंय, म्हणून पोर किरकिर करते. मला रोज वाटायचं की हिची खरी आई कोणी दुसरी आहे आणि ती आली की मी सुटेन. हे कोणाला सांगणार? सांगितलं असतं तर बाहेरचं झालंय म्हणून मला देवऋष्याकडे नेलं असतं. सेलूला माझ्या आईला तरी सांगावं म्हणून निघाले. आपला जालना जिल्हा नवा झाला तो महिना, फलाटावर माणसं त्याचंच बोलत होती. नळाजवळच्या बाकड्यावर एक म्हातारी बसली होती, कैऱ्या विकणारी. गाडी आली. मी तुला तिच्याशेजारी ठेवलं. दुपट्याची घडी नीट केली, तोंडावर ऊन येत होतं तर पदर फाडायला निघाले, मग टोपी पुढे ओढली. टोपी खरी आहे. आणि मी गाडीत चढले.

मला त्या गाडीत बरं वाटलं. शिवकन्या, हे मी कोणालाही कधी सांगितलेलं नाही. खिडकीशी बसले, वारा लागला आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा मला बरं वाटलं. समोरच्या बाईने शेंगा दिल्या तर मी त्या खाल्ल्या.

सातोन्याला मी उतरले. तुझी माया आली म्हणून उतरले, असं लिहायला हात शिवशिवतोय. पण तसं नव्हतं. तुझी पाजायची वेळ झाली होती, चोळी पुढून भिजली, समोरची बाई बघायला लागली. मला भीती वाटली, हिला कळलं, आता पोलीस येतील. भ्याले म्हणून उतरले. रुळारुळाने परत चालत आले, मे महिन्याच्या उन्हात. अर्ध्या वाटेत दोनदा बसले आणि दोनदा वाटलं की जाऊ नये.

म्हातारी तिथेच होती. तुळजाबाई नाव तिचं. तू तिच्या मांडीवर, कैऱ्यांचं टोपलं उन्हात तसंच पडलेलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात ती म्हणाली, “पाज आधी.” मी पाजलं. मग म्हणाली, “मी बी ठिवलं व्हतं एक. माघारी जायला उशीर झाल्ता मला.” एवढंच. तिने माझं नाव विचारलं नाही, शिव्या दिल्या नाहीत. मला जबरदस्तीने पाणी पाजलं आणि घनसावंगीच्या एसटीत बसवलं.

घरी सासूबाई दारात. का परत आलीस? मी म्हणाले, गडबडीत हिला फलाटावरच विसरले, गठुडं समजून, मग पळत परत आले, गाडी चुकली. त्या हसायला लागल्या. शेजारच्या दोघी आल्या, त्यांना सांगितलं, त्या हसल्या. तेवढ्याने मी वाचले. विसराळू बाईला सगळे हसतात, ठेवून आलेल्या बाईला कोण घरात घेईल? तेव्हापासून मी ते सांगत आले. प्रत्येक वेळी बायका हसल्या की मला वाटायचं, तसंच घडलं असणार, एवढ्या जणी कशाला खोट्याला हसतील. दर वर्षी एखादं गठुडं वाढवलं. तू मोठी झालीस, शाळेत पोरं तुला गठुडं म्हणून चिडवायला लागली, तू रडत आलीस, तरी मला थांबता आलं नाही. थांबले असते तर खरं आठवलं असतं.

आणि वडीगोद्रीची ती पोरगी. तिला मी येडी म्हणाले. तिला काय हवं होतं ते मला त्याच क्षणी कळलं होतं, आणि माईक अजून चालू होता की काय या भीतीने मी तिला हसून घालवलं. सोनूबाईंना घरोघर विचारायला लावलं. पाहुणी आली असेल कोणाकडे, म्हणतात. सापडली नाही.

म्हणून तुला लिहिते. तू कसली आई आहेस विचारतात ना, तू माझ्यासारखी आहेस. वेडी नाहीस, तुला काही लागलेलं नाही. तू तर नुसतं बोललीस, मी करून आले. आणि मला नंतर तू आवडायला लागलीस. उशिरा, पण लागलीस, आणि मग एवढी की तुझं लग्न ठरलं तेव्हा मला ताप आला होता.

हे पत्र तू केशरबाईंना दाखव, गल्लीत वाच, अण्णांना पाठव. त्यांनाही माहीत नाही. तुला मला पुन्हा कधी बघायचं नसेल तर मी समजेन. पण पोरीला कुठे ठेवायला निघालीस तर आधी मला कळव, मी येऊन बाकड्यावर बसते.

वसंतराव हाक मारतायत.

आई

घनसावंगी
७ जून २००१

शिवे,

अकरा दिवस मी काही खाल्लं ते आठवत नाही. अंगणवाडीत पोरांची वजनं चुकीची लिहिली, ती पुन्हा घ्यावी लागली. अण्णा एकदा म्हणाले, “काय लिव्हलंस त्या पोरीला?” मी त्यांना सांगितलं, सगळं. ते उठून गेले आणि संध्याकाळी परत आले. तेव्हापासून बोलत नाहीत, पण माझ्या ताटात भाकरी वाढतात.

आज तुझं पाकीट आलं. पोस्टमननेच घरी आणून दिलं. आत वहीचा अर्धा कागद, वर माझं नाव नाही, खाली तुझं नाही. एकच ओळ, “किती महिन्यांनी?”

मी ती ओळ इतक्यांदा वाचली. तू विचारलंस म्हणजे तू मोजते आहेस.

खरं सांगते, यात मी एक दिवस इकडचा तिकडे करणार नाही. तू एक वर्ष आणि नऊ महिन्यांची होतीस. पोळ्याच्या आदल्या दिवशी मी बैलांच्या झुली धूत होते. तू ओट्यावरून उतरायला गेलीस आणि पडलीस, खोक पडली, ती भुवईवरची. तू रडत रडत सासूबाईंना ओलांडून, आत्याला ओलांडून माझ्याकडे आलीस आणि ओल्या लुगड्याला तोंड पुसलंस. माझ्या पोटात कळ आली. तोपर्यंत काही नव्हतं. पोळ्यापर्यंत म्हणजे एकवीस महिने.

तुला तेवढे लागतील, कमी लागतील, जास्त लागतील, मला माहीत नाही. जालन्याला डॉक्टरीणबाई आहेत, तालुक्याच्या बैठकीत त्यांनी या दुखण्याचं नाव घेऊन सांगितलं होतं आणि मी खाली मान घालून वहीत फुलं काढत बसले होते. आपण त्यांच्याकडे जाऊ. तोपर्यंत तू तिच्यावर माया करायची खटपट करू नकोस, तिला फक्त पाज. न्हाऊमाखू मी घालीन, रात्री मी घेईन, केशरबाई काही बोलल्या तर त्यांना मी उत्तर देईन. मला तुझ्याशी बोलावं लागलं नाही तरी चालेल. तू भिंतीकडे तोंड करून झोप, मी तिला घेऊन दुसऱ्या बाजूला बसते.

शनिवारी पहिल्या जीपने निघते, अकरापर्यंत बदनापूरला पोचेन. तू उठू नकोस. नुसती कडी काढून ठेव.

आई